नाताळचा ळ

नाताळ हा शब्द आमच्या घरात ताटातून आला. ताट आमचंच, पितळी. दिवाळीत आईनं ते फराळानं भरून शेजारच्या सिस्टरकडे पाठवलं होतं. शेजाऱ्याचं ताट रिकामं परत करायचं नाही ही आमच्या गल्लीची रीत, आणि सिस्टरही ती काटेकोर पाळत. म्हणून ते ताट दीड-दोन महिने त्यांच्या मांडणीवर थांबलं आणि २५ डिसेंबरच्या सकाळी विणलेल्या रुमालाखाली करंज्या, शंकरपाळे आणि चकल्या घेऊन घरी आलं. "कशाचं गं हे?" आजीनं विचारलं. "नाताळचं, आजी," सिस्टरची थोरली म्हणाली. आजीनं एक करंजी मोडून पाहिली. सारण खोबऱ्याचं, खसखस घातलेलं, आमच्यासारखंच. धुंधुरमास चालू होता. तिनं तीळ लावलेली बाजरीची गरम भाकरी लोण्याच्या गोळ्यासकट फडक्यात बांधून त्या मुलीच्या हातात दिली. रिकाम्या हातानं तीही परत गेली नाही.

सिस्टर म्हणजे येवल्याच्या सरकारी दवाखान्यातल्या नर्स. मूळच्या नगरकडच्या, मराठी ख्रिस्ती. त्यांच्या तोंडी कायम 'नाताळ'च असे. 'ख्रिसमस' हा शब्द आम्ही नंतर भेटकार्डांवर आणि दुकानांच्या पाट्यांवर वाचला.

मी तेव्हा तिसरी-चौथीत असेन. शब्दांची फोड करायची सवय तेव्हापासूनची. रसानं भरलेलं ते रसाळ, मधासारखं ते मधाळ, केसांनी भरलेलं ते केसाळ. मग नाताळ म्हणजे नात्यांनी भरलेलं, असा माझा हिशेब होता, आणि ताटाच्या येरझाऱ्या पाहता तो बरोबरच वाटे. पुढे कळलं की हा शब्द फार लांबून, समुद्रावरून आला आहे. त्याची वंशावळ शोधत गेलो तेव्हा लिस्बन, रोम, आफ्रिकेचा किनारा, वसई, नाशिकचं शरणपूर अशी गावं फिरून मी परत येवल्याच्याच एका मैदानावर येऊन पोचलो. ती वाट इथे सांगतो.

मूळ शब्द लॅटिन. 'नातुस' म्हणजे जन्मलेला आणि 'नातालिस' म्हणजे जन्माचा. रोमन लोक वाढदिवसाला 'दिएस नातालिस', जन्माचा दिवस, म्हणत. शहरांचेही वाढदिवस असत. रोमचा २१ एप्रिलला पाळला जाई. येशूचा जन्म २५ डिसेंबरला धरल्याची सगळ्यात जुनी ठळक नोंद इसवी सन ३५४ च्या एका रोमन दिनदर्शिकेत सापडते. पुढे लॅटिनच्या लेकी वेगवेगळ्या देशांत नांदायला गेल्या आणि त्यांनी हा शब्द आपापल्या उच्चारात घासून घेतला. इटलीत तो 'नाताले' झाला, फ्रान्समध्ये झिजत झिजत 'नोएल', पोर्तुगालमध्ये 'नाताल'. लॅटिनच्या घरातली नसलेली वेल्श भाषा, तिनंही तो उचलून 'नादोलिग' केला. इंग्रजीची वाट निराळी. ख्रिसमस म्हणजे ख्रिस्ताची मिस्सा, त्या दिवशीची देवळातली उपासना. उत्तर हिंदुस्थानानं या दिवसाला 'बडा दिन' म्हटलं. इंग्रजी शब्द देवळाकडे बोट दाखवतो, हिंदी शब्द दिवसाच्या मोठेपणाकडे, आणि पोर्तुगीज शब्द सरळ बाळंतिणीच्या घरात शिरतो. मराठीनं तो घेतला याचा मला फार आनंद आहे. देव जन्मला की त्याला पाळण्यात घालून हलवायचं, सुंठवडा वाटायचा, पाळणा म्हणायचा, हे ज्यांना रामनवमीपासून दत्तजयंतीपर्यंत ठाऊक आहे त्यांना 'जन्म' हे सणाचं नाव समजावून सांगावं लागत नाही.

१४९७ च्या डिसेंबरात वास्को द गामाची गलबतं आफ्रिकेचं दक्षिण टोक वळून पूर्व किनाऱ्यानं वर निघाली होती. नाताळच्या दिवशी जो किनारा दिसला त्याला त्यांनी सणाचंच नाव दिलं. पुढच्या मे महिन्यात ती कालिकतला लागली. हिंदुस्थानकडे येता येता हा शब्द असा एका अख्ख्या प्रांतावर कोरला गेला, आणि जवळजवळ ४०० वर्षांनी, १८९४ मध्ये, त्याच प्रांतात मोहनदास गांधी नावाच्या तरुण वकिलानं नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन केली. अटलांटिकच्या पलीकडे ब्राझीलमध्ये २५ डिसेंबर १५९९ ला वसलेलं एक शहर आहे. त्याचंही नाव हेच.

आपल्याकडे पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, १५३४ मध्ये वसई. चिमाजी अप्पांच्या फौजेनं १७३९ च्या मे महिन्यात वसई जिंकली तोपर्यंत २०० वर्षं उलटून गेली होती. त्या २०० वर्षांत तलवारीनं काय केलं त्याचा इतिहास वेगळा आहे आणि तो दुखरा आहे. भाषेत मात्र त्या काळानं जे ठेवलं ते आज कुणाला परकं वाटत नाही. पाव, बटाटा, काजू, अननस, चावी, इस्त्री, घमेलं, लिलाव, पगार, तुरुंग. सकाळी उठल्यापासून रात्री कुलूप लावेपर्यंत आपण पोर्तुगीज शब्द वापरत असतो. त्याच गलबतांतून 'नाताल' उतरला. पोर्तुगीज माणूस शब्दाच्या शेवटचा ल घशाकडे ओढून उच्चारतो. मराठी कानानं तो ओढलेला ल ऐकला आणि त्याला आपल्या घरचं अक्षर दिलं: ळ. पोर्तुगीज वर्णमालेत हे अक्षर नाही. 'नाताल'चा नाताळ झाला तसंच 'ओस्पिताल'चं इस्पितळ झालं. हे दोघे सख्खे भाऊ, एकाच बंदरात उतरलेले, एकाच ळ नं बाटलेले म्हणा किंवा पावन झालेले म्हणा. आमच्या सिस्टरचं सगळं आयुष्य या दोन शब्दांमध्ये मावे. वर्षभर इस्पितळ आणि वर्षाच्या शेवटी नाताळ.

या ळ कडे मी पुन्हा पुन्हा वळतो. फळ, सकाळ, जवळ, आभाळ, बाळ. नाताळचं यमक 'बाळ'शी जुळतं ते त्या ळ मुळे.

शब्द आला, पण त्या जन्माची गोष्ट मराठीत कोण सांगणार? ती एका इंग्रजानं सांगितली. थॉमस स्टीफन्स हा जेझुइट पाद्री १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि पुढची ४० वर्षं तिथेच राहिला. इथली भाषा तो बोलायला शिकला, व्याकरणानं शिकला आणि मग तिच्या प्रेमात पडला. त्यानं ज्ञानेश्वरांची ओवी उचलली आणि जवळजवळ ११,००० ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' लिहिलं. ते १६१६ मध्ये सासष्टीतल्या राचोलला रोमन अक्षरांत छापलं गेलं. धर्मप्रसाराचं काम होतं हे खरंच. पण ज्यानं नवख्या भाषेत हजारो ओव्या रचल्या त्याला नुसता हेतू पुरला नसेल, त्या भाषेचा लळा लागला असला पाहिजे. बेथलेहेममधलं बाळंतपण मराठीत आलं ते असं पुराणाच्या अंगानं, श्रोत्यांना समोर बसवून.

आता घाट चढू. पोर्तुगीज शब्दांतले सगळे काही घाट चढले नाहीत. गोव्यात देवळाला 'इगर्ज' म्हणतात, तो शब्द खालीच राहिला. गोव्याच्या नाताळातले दोदोल, बेबिंका हेही तिथेच थांबले. नेवऱ्यो तेवढ्या वर आल्यासारख्या दिसतात, पण करंजी आधीपासून इथेच होती, तिला कुणी आणावं लागलं नाही. नाताळ हा शब्द मात्र चढला आणि सह्याद्रीच्या पाठीवर पसरला. मला यात एक गोष्ट फार नवलाची वाटते. देशावर ख्रिस्ती धर्म आणणारे पोर्तुगीज नव्हते. नगरकडे आले ते अमेरिकन. बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाची माणसं १८१३ मध्ये मुंबईत उतरली आणि १८३१ मध्ये त्यांनी नगरला ठाणं मांडलं. नाशिकला १८३२ पासून इंग्रजांची चर्च मिशनरी सोसायटी. येवला या दोन मिशनांच्या मधोमध. दोघांचीही भाषा इंग्रजी, दोघांनाही ख्रिसमस हाच शब्द घरचा.

त्यातही अमेरिकनांची गंमत अशी की त्यांच्या गावाकडे हा सण नुकता कुठे रुजत होता. मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन लोकांनी १६५९ मध्ये ख्रिसमस पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला होता. तो कायदा १६८१ मध्ये उठला, तरी त्या राज्यात २५ डिसेंबरला सरकारी सुट्टी मिळायला १८५६ साल उजाडलं. ज्या मुलखाच्या बोर्डानं नगरला माणसं पाठवली तो मुलूखच असा सणाबद्दल सावध. सावध माणसं शब्द लादत नाहीत. म्हणून असेल, पण वसई-मुंबईकडून वर आलेला जुना शब्द इथल्या ख्रिस्ती घरांत बिनविरोध बसला. छावण्यांतले गोवेकर खानसामे, बँडवाले, रेल्वेतले कामगार यांच्या तोंडीही तोच होता. १८७८ च्या सुमारास दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली, येवल्याला स्टेशन मिळालं, आणि पलीकडे मनमाड हे रेल्वेचं गाव म्हणून वाढू लागलं. माणसं बदलीवर येऊ-जाऊ लागली आणि त्यांच्या ट्रंकेत त्यांचे सणही.

नाशिकच्या शरणपूरबद्दल इथे थांबून सांगितलंच पाहिजे. १८५४ मध्ये नाशिकच्या वेशीबाहेर मिशनऱ्यांनी ही वस्ती वसवली. धर्मांतरानंतर ज्यांना घर उरलं नाही त्यांच्यासाठी शरण, म्हणून शरणपूर. अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडून इंग्रजी आरमार ज्यांची सुटका करी त्या आफ्रिकन मुलांतली काही इथे आणली गेली. सुतारकी, लोहारकी, लिहिणं-वाचणं इथे शिकली. आईबाप कुठे, गाव कोणतं, जन्मतारीख काय, यातलं काहीही ज्यांना नीट सांगता येत नव्हतं अशी ती मुलं. त्यांतला एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन मध्य आफ्रिकेत वारला तेव्हा त्याचं शव महिनोन्‌महिने खांद्यावरून किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत तो होता, आणि १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमधल्या दफनाच्या वेळी पेटीपाशी तो उभा होता. नाशिकमध्ये शिकलेल्या अशा कित्येक जणांनी पुढे मोंबासाजवळ फ्रेअरटाउन ही वस्ती उभी केली. जन्मदिवस हरवलेल्या मुलांनी नाशिकच्या थंडीत कुणाच्या तरी जन्माचा दिवस साजरा केला असेल, ही कल्पना मनात आली की मला पुढचं वाचवत नाही.

शब्दाला ळ लागला, तरी सणाला मराठी सूर लागायला वेळ गेला. पहिली ख्रिस्ती गाणी इंग्रजी चालींवर बसवलेली असत, आणि पेटीच्या मागे शब्द धावत. ही ओढाताण संपवण्यात सगळ्यात मोठा वाटा नारायण वामन टिळकांचा. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले आणि नगर-राहुरीकडे त्यांचं आयुष्य गेलं. आपण ख्रिस्ताकडे तुकारामांच्या वाटेनं आलो असं ते मानत, आणि त्यांनी लिहिली ती भजनं आणि अभंगच. टाळ, चिपळ्या, तबला घेऊन म्हणण्याजोगी. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या या बाईनं नवऱ्याच्या धर्मांतराचं दुःख पाच वर्षं सोसलं आणि १९०० मध्ये त्या स्वतः विचार करून, स्वतःच्या पायानं त्या वाटेवर आल्या. टिळकांनी येशूच्या जीवनावर 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य सुरू केलं होतं. १९१९ मध्ये ते गेले तेव्हा ते अपुरं राहिलं. लक्ष्मीबाईंनी पुढचे ६४ अध्याय लिहून ते पुरं केलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं. 'स्मृतिचित्रे' सगळ्यांना ठाऊक असतं, हे फार कमी जणांना.

मराठी बायबलात बाळाला ठेवतात ते गव्हाणीत. हा शब्द ज्यानं कुणी निवडला त्याला माझा नमस्कार. येवल्याच्या आसपास, अंकाई-टंकाईच्या पायथ्यापर्यंत कुठेही जा, गव्हाण काय ते शाळकरी पोरालाही दाखवावी लागत नाही. कडब्याचा वास, बैलाचा उष्ण श्वास, कडेला चाटून गुळगुळीत झालेलं लाकूड. १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेचो गावी असिसीच्या फ्रान्सिसनं खरी गव्हाण, खरा बैल आणि खरं गाढव उभं करून गावकऱ्यांना तो जन्म दाखवला. लोकांना लांबची गोष्ट जवळ आणून हवी होती. वसईच्या गावोगाव डिसेंबरात गोठ्यांचे देखावे उभे राहतात ते त्याच परंपरेतले. आमच्या सिस्टरच्या घरी देखावा नव्हता, जागाच नव्हती. खिडकीत त्या मूठभर गवत ठेवत, एवढंच.

ख्रिस्ती नसलेल्या मराठी घरात नाताळ कसा शिरला? देवळातून नाही. कचेरीतून. इंग्रजी अमलात डिसेंबरच्या शेवटी कोर्टं, कचेऱ्या, कॉलेजं बंद राहत आणि 'नाताळची सुट्टी' हा जोडशब्द वकील, कारकून, मास्तर, विद्यार्थी यांच्या घराघरांत गेला. वर्षातून एकदाच सगळी शिकलेली माणसं एका वेळी मोकळी सापडत, म्हणून देशाची मोठी कामं या सुट्टीत झाली. राष्ट्रीय सभेचं पहिलं अधिवेशन पुण्याला ठरलं होतं, तिथे पटकीची साथ आली म्हणून ते २८ डिसेंबर १८८५ ला मुंबईत भरलं. नागपूर १९२०, लाहोर १९२९, दोन्ही डिसेंबरातली. आणि याच दिवसांत, २५ डिसेंबर १९२७ ला, महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली.

इथून मी परत येवल्याला येतो. १३ ऑक्टोबर १९३५. नाशिकच्या काळाराम मंदिरापुढचा सत्याग्रह १९३० पासून चालला होता आणि दार उघडलं नव्हतं. येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी तो मार्ग सोडून द्यायला सांगितलं आणि ती घोषणा केली. हिंदू धर्मात जन्म घेणं आपल्या हातात नव्हतं, त्या धर्मात मरायचं की नाही हे मात्र आपल्या हातात आहे, असा तिचा आशय. त्यानंतर निरनिराळ्या धर्मांच्या पुढाऱ्यांनी त्यांच्याकडे धाव घेतली, ख्रिस्त्यांनीही. ते २१ वर्षं विचार करत राहिले आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बुद्धाकडे गेले. येवल्याच्या त्या जागेला आज मुक्तिभूमी म्हणतात.

नाताळच्या कुळकथेत हे का सांगतो? कारण भाषेनं ते आधीच सांगून ठेवलं आहे. लॅटिनमधल्या 'नातुस'चं जुनं रूप 'ग्नातुस'. संस्कृतातल्या 'जन्' धातूचं आणि त्याचं मूळ एकच; 'ग्नातुस' आणि संस्कृत 'जात', जन्मलेला, ही एकाच शब्दाची दोन रूपं आहेत. म्हणजे नाताळ आणि जन्म चुलत भावंडं. याच मुळापासून इंग्रजीत 'नेटिव्ह' झाला, जो शब्द गोरा साहेब आपल्याला तुच्छतेनं लावी. आणि याच मुळापासून आपल्याकडे 'जाति' आली, जात आली. एकाच बीजाचे हे तीन अंकुर. एकानं माणसाचा जन्म म्हणजे त्याची लायकी ठरवली. दुसऱ्यानं जन्म म्हणजे जन्मभराची बेडी केली. तिसऱ्यानं सांगितलं की जन्माला आला, गोठ्यात का होईना, एवढंच गोड करायला पुरे आहे. ज्या गावच्या मैदानात एका माणसानं जन्मानं मिळालेल्या बेडीकडे बोट दाखवून तिला नाही म्हटलं, त्या गावात नाताळ या शब्दाचा अर्थ मला अधिक खोल लागतो. २५ डिसेंबरला महाराष्ट्रात ठिकठिकाणी मनुस्मृती दहन दिन पाळतात. त्याच दिवशी सिस्टरच्या घरचं ताट आमच्या घरी येत असे. मला या दोन गोष्टी एकाच तारखेला शोभतात.

लहानपणी यातलं काही ठाऊक नव्हतं. तेव्हा आम्हाला नाताळ म्हणजे चांदणी. येवल्यात डिसेंबर लागला की संक्रांतीची चाहूल लागते, कारण संक्रांत म्हणजे इथे तीन दिवस पतंग. आमच्या गल्लीतले एक विणकर काका मागावरून उठले की पतंगांना बसत. रेशमाच्या लडी उलगडायला विणकाराच्या घरी बांबूची आसारी असते, आणि संक्रांतीला येवल्यात मांजा गुंडाळतात तिलाही आसारीच म्हणतात. बाकी गावांत चक्री-फिरकी असेल, इथे आसारी. तर सिस्टरच्या मुलीनं एकदा काकांना विचारलं, "आम्हाला नाताळची चांदणी करून द्याल?" काका म्हणाले, "करून नाही देणार. शिकवीन."

ती कशी करतात ते सांगतो, कारण आता तयार प्लास्टिकच्या मिळतात आणि हे हात हळूहळू विसरतील. एकसारख्या लांबीच्या दहा कामट्या घ्यायच्या. पाच-पाचाच्या दोन चांदण्या बांधायच्या. बांधताना प्रत्येक कामटी एकीच्या वरून, दुसरीच्या खालून काढायची. मग दोरा बांधायच्या आधीच चांदणी आपली आपण धरून राहते. काकांनी आम्हाला एवढंच सांगितलं, "ताण्याबाण्यासारखं. एक वर, एक खाली." पैठणी विणणाऱ्या माणसाला चांदणी शिकवायला वेगळे शब्द लागले नाहीत. मग दोन्ही चांदण्या पाठीला पाठ लावून पाच टोकं घट्ट बांधायची, आणि मधल्या पंचकोनाच्या पाच कोपऱ्यांत वीतभराहून आखूड पाच काड्या आडव्या अडकवायच्या. त्यासरशी सपाट चांदणी पोट फुगवून उभी राहते. वर पतंगाचा पातळ कागद, कणकेच्या खळीनं चिकटवलेला. एका बाजूला फट ठेवायची, दिवा आत सोडायला. आमची पहिली चांदणी एका बाजूला कलली, कारण दोन कामट्या बोटभर आखूड निघाल्या. काकांनी ती सोडायला लावली. दुसरी सरळ आली. लाल कागदाची, टोकांना पिवळा.

कागदी ताऱ्यांचा एक इतिहास जर्मनीतल्या निस्की गावच्या मोरावियन शाळेत सापडतो. १८३० च्या दशकात तिथे मुलांना भूमिती शिकवायला अनेक टोकांचे तारे करून घेत. फिलिपिन्समध्ये बांबू आणि कागदाचाच पाच टोकांचा तारा करतात. आमच्या हाताखालची चांदणी यांतल्या कुणाची नात ते मी सांगत नाही. ती दिवाळीच्या आकाशकंदिलाची सख्खी बहीण होती हे मात्र मी डोळ्यांनी पाहिलं आहे, कारण कामट्या उरलेल्या होत्या त्या त्याच्याच.

हल्ली नाताळच्या आठवड्यात नगर-मनमाड रस्ता गाड्यांनी फुलून जातो. शिर्डीला जाणारी कुटुंबं येवल्यात थांबून पैठणी पाहतात, आणि 'ख्रिसमसची सुट्टी' असं म्हणतात. शब्द बदलतोय, बदलू दे. पण मला वाटतं, सण विकत आणला की तो दोन दिवस टिकतो आणि हातानं केला की वर्षभर अंगात राहतो. टोपी, कापूस आणि दिव्यांची माळ आणण्याआधी एखाद्या घरानं एक संध्याकाळ कामट्या सोलण्यात घालवावी, शेजारचं कुणी डिसेंबरात एकटं असेल तर त्याच्याकडचं आपलं ताट कुठे अडकलंय ते आठवावं.

ती चांदणी ६ जानेवारीला, मागी लोक बाळाच्या दर्शनाला आले त्या दिवशी, सिस्टरनी खिडकीतून उतरवली. कागद उन्हानं विटला होता. कामट्या शाबूत होत्या. मुलीनं त्या सगळ्या काकांच्या ओट्यावर आणून ठेवल्या, आणि काकांनी त्या चाकूनं तासून इतक्या बारीक केल्या की वाकवल्या तरी मोडेनात. दहातल्या चार पतंगांच्या कमानी झाल्या. भोगीच्या दिवशी आम्ही ते पतंग वर घातले. संध्याकाळी आईनं पितळी ताटात तिळगूळ घालून ते शेजारी पाठवलं.

पंधरवड्यात सिस्टरच्या बदलीचा हुकूम आला. सामान ट्रकवर चढत होतं तेव्हा त्या ते ताट हातात घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. घरात चूल पेटली नव्हती, ताट रिकामं होतं, आणि तेच त्यांना लागलं होतं. आईनं ते घेतलं नाही. "राहू द्या तुमच्याकडंच," ती म्हणाली. "नाताळला भरून पाठवा."